कोकणकड्यावरचा शनिवार

शुक्रवार, १७ जानेवारी २०२०, रात्र

मुंबईच्या उपनगरांत हिवाळ्यातली शुक्रवारची रात्र डोंगरवेड्यांची असते. बोरिवलीला नॅशनल पार्कपाशी, अंधेरीच्या हायवेवर, घाटकोपरला, मुलुंड चेकनाक्याला पाठीवर सॅक टाकलेली पोरंपोरी बसची वाट बघत उभी दिसतात. पुढे कल्याण, मुरबाड, माळशेजची वाट. यांतल्या अनेकांनी कातळाला पहिला हात लावलेला असतो तो कान्हेरीत नाहीतर मुंब्र्यात. या मंडळींना दोरावरून उतरण्याची, म्हणजे रॅपलिंगची, ओढ लावणाऱ्या माणसांत अरुण सावंत हे मोठं नाव. वय ६०. सह्याद्रीतले कडे आणि घळी धुंडाळण्यात त्यांची हयात गेली होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते सुमारे ३० जणांना घेऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोरानं उतरणार होते.

शनिवार, सकाळी सव्वासातच्या सुमारास

सूर्य उगवतो, पण कोकणकड्याला तो लगेच भेटत नाही. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. माथ्यावर ऊन आलं तरी खालचा कातळ आणि माकडनाळेसारख्या घळी बराच वेळ गार, सावलीत राहतात. गडाची उंची १४२४ मीटर. कडा सुमारे १८०० फुटांचा, अर्धगोल, मध्यावर आत ओढलेला. काठावर पालथं पडून पाहिलं तर कड्याचा पाया दिसत नाही, थेट बेलपाड्याकडचं जंगल दिसतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सनं इथेच पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, इंद्रवज्र, पाहिलं होतं.

दुपार

असा कडा उतरणं म्हणजे काय, हे आकड्यांतून नीट कळतं. १८०० फूट म्हणजे साधारण ५५० मीटर. साडेदहा-अकरा मिलिमीटर जाडीचा दोर मीटरमागे ७०-७५ ग्रॅम भरतो. अखंड दोर सोडायचा म्हटला तर ४० किलोंच्या घरात वजन एकट्या दोराचं. वरच्या टप्प्यात हे वजन डिसेंडरवर, म्हणजे उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या साधनावर, इतकं बसतं, की उतरणाऱ्याला दोर हातानं उचलून आत सरकवावा लागतो. खाली यावं तसा दोर हलका होतो आणि वेग वाढायला लागतो. म्हणून बहुतेक वेळा उतराई टप्प्यांत करतात. पण टप्पे आले की प्रत्येक टप्प्यावर दोर बांधायला नवा अँकर, नवी गाठ आणि अरुंद कातळावर खोळंबलेली माणसं आली.

एका माणसाला अर्धा तास लागतो असं धरलं, तर एकाच दोरावर ३० जणांना १५ तास लागतील. जानेवारीतला दिवस असतो ११ तासांचा. म्हणूनच दोन-तीन दोर लावायचे, सामान आधी उतरवायचं, प्रत्येकाचा हार्नेस आणि कॅराबिनर तपासायचा, घाबरलेल्याला बोलतं ठेवायचं. हा सगळा भार पेलतो तो म्होरक्या. कड्याशी सर्वांत जास्त वेळ तोच उभा असतो. सगळ्यांचं जग वर किंवा खाली असतं, त्याचं मात्र काठावर.

शनिवार, संध्याकाळी ६.२० च्या आसपास

सूर्य कोकणात उतरतो. कड्यावर शेवटचं तांबूस ऊन असतं तेव्हाच घळीत काळोख दाटलेला असतो. हरिश्चंद्रगडावरच्या त्या शनिवारी अरुण सावंत दरीत कोसळले.

शनिवार, रात्र

पौष कृष्ण नवमी. चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवणार होता. म्हणजे निम्मी रात्र टॉर्चचा झोत पडेल तेवढंच दिसणार. कड्याच्या पायथ्याला सपाट जमीन नाही. घरंगळलेल्या प्रचंड शिळा, काटेरी झुडपं, कोरड्या ओढ्यांची तोंडं. मोबाइलची रेंज कुठे येते, कुठे जाते. अशा जागी पन्नास मीटर जायला तास लागू शकतो.

रविवार, १९ जानेवारी

सावंतांचा मृतदेह सापडला. तुकडीतले बाकीचे सगळे सुखरूप परतले. हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण डोंगरातल्या म्होरक्याचं काम त्यातच मोजलं जातं.

बातमी उपनगरांत पसरली तेव्हा एकच प्रश्न सगळीकडे होता: इतका अनुभवी माणूस कसा गेला? जगभर हाच प्रश्न २६ मार्च २००९ ला विचारला गेला होता. शेन मॅकॉन्की हा धाडसी व्यावसायिक स्कीपटू इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये, सास पोर्दोई या डोंगरावरून स्कीसकट झेपावला. हवेत स्की सुटणं, मग पंखासारख्या पोशाखानं, विंगसूटनं, तरंगत कड्यापासून दूर जाणं, शेवटी पॅराशूट असा बेत होता. स्की वेळेवर सुटल्या नाहीत. तो ३९ वर्षांचा होता. त्यानं रूढ केलेल्या रुंद, टोकं उचललेल्या स्कींवर आजही लोक मऊ हिमातून उतरतात.

दोन्ही घटना सारख्या नाहीत, आणि त्यांतून एकच कारण काढणंही बरोबर नाही. मला अस्वस्थ करतं ते म्होरक्याचं एकटेपण. तीस जणांचे हार्नेस तपासणाऱ्याचा हार्नेस कोण तपासतं? त्याला स्वतःला कातळाशी बांधून ठेवणारा सेल्फ अँकर, त्याची तहान, दिवसभर उभं राहून आलेला त्याचा थकवा कोण बघतं? आपल्याकडे ज्येष्ठाला विचारायचा संकोच असतो. ‘सर, जरा थांबा, तुमचं बघू द्या’ हे विशीतल्या पोराच्या तोंडून निघत नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. ते हवंच होतं. पण काठावर म्होरक्याच्या शेजारी दुसरा जाणता माणूस शेवटपर्यंत थांबवायचा, हे प्रत्येक तुकडीला आपलं आपणच ठरवावं लागेल. आणि त्या माणसाला म्होरक्याला अडवायचा पूर्ण हक्क हवा.