फेस

सोलापूरच्या आमच्या घरातली न्हाणी म्हणजे शहाबादी फरशी, भिंतीलाही कमरेपर्यंत तीच, आणि कोपऱ्यात बंबाची जागा. बंब गेला, गीझर आला, मग शॉवरही आला. फरशी मात्र तीच राहिली. नंतर बोअरचं पाणी सुरू झालं आणि शॉवरखालच्या फरशीवर पांढरे थर चढू लागले. एकदा दिवाळीच्या आधी आई चार दिवस मावशीकडे गेली होती. तिला चकित करावं म्हणून मी ॲसिडची बाटली आणली आणि ओतली. सुर्रकन फेस आला. मला वाटलं, चला, मळ निघतोय!

मळाबरोबर फरशीही निघत होती. आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. किल्ल्यांना, देवळांना, जात्यांना उत्तम. पण त्याची पातळ फरशी काढायची तर घाम फुटतो. शहाबादचा दगड याच्या कितीतरी आधीचा, समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला चुनखडक. त्यामुळे तो सरळ पाट्यांसारखा सुटतो. शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईहून सोलापूर, वाडी करत रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला पोचली, आणि शहाबाद नेमकं याच वाटेवरचं स्टेशन. जड दगड लांब न्यायला रेल्वेसारखी सोय नाही. कडप्प्याची काळी फरशी आणि राजस्थानातली कोटा, हेही चुनखडकच. म्हणजे आपल्या आजीची न्हाणी, आईचा ओटा आणि शाळेचा व्हरांडा, सगळं एकाच गोत्राचं! कॅल्शियम कार्बोनेट.

आता गंमत बघा. बोअरच्या जड पाण्याचा जो पांढरा क्षार फरशीवर बसतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिडला दोन्ही सारखेच. क्षार कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, हे त्याला कसं कळणार? तो फेस म्हणजे दगड विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड. ओट्यावर लिंबू पिळल्यावर कडप्प्यावर जो फिकट डाग राहतो, तो डाग नसतोच. तिथला गुळगुळीत पृष्ठभाग गेलेला असतो.

माझ्याकडून झालं ते अज्ञानातून. पण ज्यांच्याकडे ज्ञान होतं त्यांचं काय?

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरची शिल्पं लॉर्ड एल्गिनने इंग्लंडला नेली आणि १८१६ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेण्यात आली. संगमरवर, म्हणजे पुन्हा आपलंच कॅल्शियम कार्बोनेट. लंडनच्या धुरात ती काळवंडली. एकोणिसाव्या शतकात खुद्द मायकेल फॅरडेने त्यांच्यावर पाणी, बारीक पूड, क्षार आणि शेवटी पातळ नायट्रिक ॲसिडसुद्धा वापरून पाहिलं, आणि शिल्पं पूर्वीसारखी होतील ही आशा सोडली.

पुढे जोसेफ ड्यूव्हीन या धनाढ्य कलाव्यापाऱ्याने शिल्पांसाठी नवं दालन बांधून द्यायचं ठरवलं. त्याला ती पांढरीशुभ्र हवी होती. १९३७-३८ मध्ये कामगारांनी तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम वापरून ती घासली. पेंटेलिकॉन डोंगराच्या त्या संगमरवरात लोहाचा अंश असतो, उन्हापावसात त्यावर मधासारखी झाक चढते. ती झाक मळ समजून खरवडली गेली. सप्टेंबर १९३८ मध्ये संग्रहालयाच्या संचालकांच्या हे लक्षात आलं, काम थांबलं, चौकशी झाली. पण सगळा तपशील लोकांपुढे आला तो १९९८ मध्ये, विल्यम सेंट क्लेअर यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून. पुढच्याच वर्षी संग्रहालयाने या प्रकरणावर परिषद भरवली.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते पुढेच. ही शिल्पं मुळात पांढरी नव्हतीच. ती रंगवलेली होती. २००९ मध्ये विशेष प्रकाशचित्रणाने त्यांच्यावर निळ्या रंगाचे कण सापडले. म्हणजे जो पांढरेपणा परत आणण्यासाठी एवढं खरवडलं, तो कधी नव्हताच!

याच्या उलट आपला ताजमहाल. धूळधुरामुळे पिवळा पडलेला संगमरवर स्वच्छ करायला पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून अनेकदा मुलतानी मातीचा लेप वापरला आहे. लेप लावायचा, सुकू द्यायचा, माती मळ शोषून घेते, मग मऊ ब्रशने आणि पाण्याने काढायचा. बायका चेहऱ्याला लावतात तोच उपाय. काम हळू चालतं, वेळ लागतो. पण दगड विरघळत नाही.

घरच्या न्हाणीलाही हेच लागू. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, चिंच नको. वाळू आणि खरखरीत पावडरही नको, कारण वाळूतला गारगोटीचा कण चुनखडकाहून खूप कठीण असतो. नवीन काही वापरायचंच तर आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन सुटतो, १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सोडला होता तोच. खिडकी नसलेल्या न्हाणीत तो जीव घेऊ शकतो. सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे: आंघोळ झाली की फरशी कोरडी पुसायची. पाणी वाळलंच नाही तर क्षार बसणार कुठून?

असो. त्या दिवाळीत आई घरी आली. न्हाणीत गेली आणि दारातच थांबली. तिला तेव्हाच डोळ्यांनी कमी दिसायचं. फरशी पांढुरकी, खरखरीत झाली होती, पुढे तर मळ आणखीच धरू लागली. मी कौतुकाची वाट बघत उभा. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, नळापाशी फरशी झिजून गुळगुळीत झाली होती ना, पाय ठेवला की कळायचं मी कुठे उभी आहे ते. आता कळत नाही."

ती झीज तिच्या सासूच्या आणि तिच्या स्वतःच्या पावलांची होती. मी तिथे दुसऱ्याच दिवशी रबरी चटई आणून टाकली. आता घरी गेलो की तिची आंघोळ झाल्यावर फडकं घेऊन फरशी मीच पुसतो.