डिश टीव्हीच्या डब्यातला ऑसिलेटर आणि 'शून्या'चा सापळा : समजून घ्या सोप्या भाषेत

गच्चीवरच्या डिशसमोर एक छोटा डबा असतो. त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाकडून येणारा सिग्नल साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा असतो. तो तसाच केबलमधून घरात आणला तर वाटेतच विरून जाईल. म्हणून डब्यातला मायक्रोवेव्ह ऑसिलेटर ९.७५ किंवा १०.६ गिगाहर्ट्झची स्वतःची लहर तयार करतो आणि दोन्हींच्या फरकाएवढी कमी फ्रिक्वेन्सी खाली सेट टॉप बॉक्सकडे जाते.

हा ऑसिलेटर बनवण्याआधी कॉम्प्युटरवर तपासतात. खरी अडचण तिथेच येते.

लहर सुरू कशी होते?

मंडपात माईक स्पीकरसमोर गेला की 'कुईई' आवाज येतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. ऑसिलेटरमध्येही हेच घडतं. सर्किटमधल्या बारीकशा नॉइजपासून सुरुवात होते आणि लहर वाढत जाते.

मग ती थांबते कुठे?

लिनियर गणितात इनपुट दुप्पट केलं की आउटपुटही दुप्पट होतं. या हिशेबाने लहर कायम वाढतच राहील. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरची क्षमता संपते, तो कमी वाढवू लागतो आणि लहर एका उंचीवर स्थिरावते. हेच नॉनलिनियर वर्तन. डच शास्त्रज्ञ बाल्थासर व्हॅन डर पोल यांनी १९२० च्या दशकात व्हॅक्यूम ट्यूबच्या सर्किटसाठी याचं प्रसिद्ध समीकरण मांडलं.

कॉम्प्युटर हे कसं शोधतो?

पहिली पद्धत म्हणजे क्षणाक्षणाचा हिशेब. १९७० च्या दशकात बर्कलीत तयार झालेला 'स्पाइस' प्रोग्राम हे करतो. पण १० गिगाहर्ट्झची एक लहर फक्त १०० पिकोसेकंदांची असते आणि सर्किट स्थिरावायला हजारो लहरी लागू शकतात. हिशेब लाखो पावलांवर जातो.

दुसरी पद्धत हार्मोनिक बॅलन्स. लहर स्थिरावली आहे असं धरायचं आणि मूळ फ्रिक्वेन्सी, तिची दुप्पट, तिप्पट अशा लहरींच्या बेरजेत उत्तर शोधायचं.

सापळा कोणता?

'सगळीकडे शून्य' हेसुद्धा गणिताचं बरोबर उत्तर असतं! म्हणजे सर्किट गप्प बसलंय. सॉफ्टवेअर अनेकदा तेच उत्तर देऊन मोकळं होतं. शिवाय इथे फ्रिक्वेन्सीही आधी माहीत नसते.

यावर इंजिनिअर एक युक्ती करतात. सर्किटला एक काल्पनिक जनरेटर जोडतात. त्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. जनरेटरमधून येणारा करंट शून्य झाला, पण व्होल्टेज शून्य नाही, म्हणजे त्या ठिकाणी सर्किट स्वतःच्या बळावर चालू शकतं. ती अवस्था टिकते की मोडते, हे मात्र वेगळं तपासावं लागतं.

आपल्याला काय फरक पडतो?

लहर किंचित थरथरली तरी सिग्नलमध्ये चुका होतात. त्याला फेज नॉइज म्हणतात. चिप बनल्यावर दुरुस्ती महाग पडते, म्हणून चूक कॉम्प्युटरवरच सापडलेली बरी. अर्थात, ट्रान्झिस्टरचं मॉडेलच चुकीचं दिलं, तर उत्तरही चुकणारच.