नथुलालच्या मिशांमागचा माणूस



'शराबी' (१९८४) या चित्रपटातील नथुलाल आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. ठेंगणा बांधा आणि त्या बांध्याला झेपणार नाहीत अशा झुपकेदार मिशा! 'अमर अकबर अँथनी'मधील (१९७७) मुलीच्या प्रेमाच्या आड येणारा तय्यब अली तोच. चेहरा सर्वांच्या ओळखीचा. नाव विचारले की मात्र पुष्कळजण अडखळतात.

त्यांचे नाव मुहम्मद उमर मुकरी. ५ जानेवारी १९२२ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील उरण येथे एका कोकणी मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोकणात मशिदीची देखभाल करणाऱ्या, अजान देणाऱ्या सेवकास मुकरी म्हणतात, हे आपल्यातील जाणत्यांना ठाऊक असेलच.

शिक्षणासाठी ते मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेत होते. बद्रुद्दीन तय्यबजी आदी दूरदृष्टीच्या मंडळींनी १८७४ साली स्थापन केलेली ही संस्था. तिथे त्यांच्या वर्गात युसूफ खान नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील फळांचे व्यापारी, मूळचे पेशावरचे. हे कुटुंब काही काळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीस राहिले होते आणि युसूफ तेथील बार्न्स शाळेतही शिकला होता. पुढे हाच युसूफ दिलीपकुमार झाला.

मुकरी मात्र आधी काझी झाले. काझीपण सोडून सिनेमात जाणे म्हणजे त्या काळी काय, याची कल्पना आपण करू शकता. नट होणे हे चारचौघांत सांगण्याजोगे काम नव्हते. युसूफ खाननेसुद्धा पडद्यावर नाव बदलले, त्यामागे वडिलांच्या रागाची धास्ती होती.

१९४५ साली बॉम्बे टॉकीजच्या 'प्रतिमा' या चित्रपटात दोघे वर्गमित्र एकत्र आले. दिग्दर्शक होते जयराज. तिथून वाटा वेगळ्या झाल्या, पण तुटल्या नाहीत. 'आन' (१९५२), 'कोहिनूर' (१९६०), 'राम और श्याम' (१९६७), 'गोपी' (१९७०) या सर्वांत नायक दिलीपकुमार, आणि मुकरीही आहेतच. एक मध्यभागी, दुसरा कडेला. 'मदर इंडिया' (१९५७), 'पडोसन' (१९६८), 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) यांतही ते दिसतात.

येथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. दिलीपकुमार यांचे एकूण चित्रपट पाऊणशेही भरत नाहीत. मुकरींचे सहाशेच्या वर सांगितले जातात. नायकाचे काम महिनोन्‌महिने चाले. छोट्या भूमिकेचे काम थोड्या दिवसांत उरके, मग दुसऱ्या स्टुडिओत हजर व्हायचे. अशा कामात उसंत नाही. नायकाचा एक प्रवेश फसला तर पुढचे दहा प्रवेश सावरून घेतात. मुकरींना दोन मिनिटे मिळत. तेवढ्यात यायचे, थिएटर हसवायचे आणि निघून जायचे. माझ्या मते ही परीक्षा अधिक कठीण आहे.

उंचीवरून मुले एकमेकांस चिडवतात, हे शिक्षक म्हणून मी रोजच पाहतो. मुकरींनी आपली उंची लपविली नाही. तीच कामाला लावली. उतारवयात तोंडाचे बोळके झाले, तेही कामाला लावले! पन्नासहून अधिक वर्षे त्यांना काम मिळत राहिले. कित्येक देखण्या नायकांना एवढा काळ लाभला नाही.

त्यांची कन्या नसीम मुकरी लेखणीकडे वळल्या. 'धडकन' या चित्रपटाचे संवाद त्यांनी लिहिले. तो ऑगस्ट २००० मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ सप्टेंबर २००० रोजी, मुंबईत मुकरींचे निधन झाले. त्यांच्या वर्गमित्राला मात्र पुढे आणखी एकवीस वर्षांचे आयुष्य लाभले. ७ जुलै २०२१ रोजी तेही गेले.