चित्रांतील मान आणि मानकरी

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे एक चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सोफोनिस्बा अँग्विसोला या इटालियन चित्रकर्त्रीने ते १५६५ च्या सुमारास काढले. ज्याचे राज्य अमेरिकेपर्यंत पसरलेले, त्याच्या अंगावर काळा पोशाख, आणि भूषण म्हणावे तर गळ्यातले मेंढीच्या कातड्याच्या आकाराचे एक लहानसे सोनेरी पदक! हे पदक ज्या सरदारमंडळाचे, ते बरगंडीच्या ड्यूकने १४३० मध्ये स्थापिले होते आणि त्यात निवडक कुलीनांनाच प्रवेश मिळे. जाणत्याला तेवढी खूण पुरे होई.

काळा रंग म्हणजे विरक्ती, असे मात्र कोणी समजू नये. गडद, न विटणारा काळा रंग कापडावर चढविणे हे त्या काळी मोठे खर्चाचे काम होते. दरबारी मंडळी कापड पाहूनच त्याचे मोल ओळखीत. राजाच्या हातातील जपमाळ तर मूळ चित्रात नव्हतीच. १५७३ च्या सुमारास चित्रात फेरफार झाले, तेव्हा ती आली. त्यापूर्वी दोनच वर्षे लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्कांचा मोड झाला होता, आणि पोपने त्याचे श्रेय जपमाळेच्या प्रार्थनेस दिले होते.

अशी चित्रे वाचण्याची सवय झाली, की आपल्या पुण्यातील एक चित्र निराळे दिसू लागते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र काढले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. आमच्या नसरापूरचे बनेश्वराचे देऊळ ज्यांनी बांधविले, त्या नानासाहेब पेशव्यांचे सवाई माधवराव हे नातू. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मले, आणि चाळीस दिवसांचे असतानाच त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

चित्रात ते अठरा वर्षांचे आहेत. पगडीवर रत्ने, गळ्यात मोती, मागे सेवक उभे. शेजारच्या नानांच्या अंगावर तसा साज नाही. आणि राज्याचा कारभार तर सारा नानांच्या मुठीत! फिलिपला साधेपणा शोभला, कारण त्याच्या वर कोणी नव्हता. नानांना तो पाळावा लागला, कारण धन्याहून अधिक नटणे सेवकास शोभत नाही. परंतु सेवक उभे आहेत आणि नाना बसले आहेत, हे विसरू नये. माझ्या मते नानांचे खरे भूषण तेच. स्पेनच्या पहिल्या प्रतीच्या सरदारांनाही असाच एक मान होता: राजासमोर डोक्यावर टोपी ठेवण्याचा. (आपल्याकडे बोडक्या डोक्याने दरबारात जाणे हाच अपमान!)

१७९५ च्या ऑक्टोबरात पेशवे शनिवारवाड्यात वरून पडून वारले. पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला. १७९० च्या पुणे दरबारातील तहाचे मोठे चित्र त्याच्या हातून अपुरे राहिले. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पुरे केले. ते करविले होते तहाच्या वेळचा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने, आणि चित्रात पेशव्यांच्या शेजारी बसला आहे तोही मॅलेटच.