भाताचे पैसे, रताळ्याचे पैसे

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणे आम्हा गोवेकरांना नवे नाही. आमच्या ताटातली भाजी रोज त्याच वाटेने खाली उतरते. बेळगावच्या पश्चिमेला असलेल्या बेळगुंदीत मात्र मी गेलो तो साहित्य संमेलनासाठी. सीमाभागातली ही खेड्यांची मराठी संमेलने एकदा तरी पाहावीत. सारा गाव मांडवात असतो.

दुपारी पंगतीत एक तरुण शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "सर, यंदा रताळ्याचे पैसे बरे आलेत. शेअरमध्ये ट्रेडिंग करायचं म्हणतोय. सुरुवातीला किती घालावेत?"

शेअर बाजारातले मला काय कळणार? पण प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक चांगले उत्तर खुद्द बेळगावच्या इतिहासात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान निघाले तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. सायकली मुंबईहून पाठवायच्या आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांनी विकायच्या, अशी वाटणी होती. सायकल त्या काळी श्रीमंतांची चैन. गिऱ्हाईक किती मिळणार याचा काहीच भरवसा नव्हता. पण मुंबईतला पगार चालू होता. दुकान बुडाले असते तरी चूल विझली नसती.

बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले, तोवर दुकानाने व्यवहार शिकवला होता. मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! सारे काही त्या एका नांगरावर लावले असते तर ती दोन वर्षे निघाली असती का?

पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली आणि बेळगाव सोडावे लागले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 10,000 रुपयांचे कर्ज आणि कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आईआज्यांच्या हातात एकेकाळी दिसणारी 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिके याच घराण्याची.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. मोठे कर्ज आले ते बावीस वर्षांनी, हात बसल्यावर. पहिले भांडवल बेताचेच होते. ते शिकण्याची फी होती म्हणा ना.

आज मोबाईलवर दहा मिनिटांत खाते उघडते. दुकान थाटायला जो वेळ लागायचा, त्यात माणूस विचार तरी करायचा. सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचे दिसले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक. तेव्हा पहिली रक्कम परत येणार नाही असे धरूनच आकडा ठरवावा. आणि तीही एकदम घालू नये. चार वेळा चुकता येईल एवढे तुकडे करावेत.

आमच्याकडे पावसाआधी पुरुमेंत भरतात. सुके मासे, मिरची, कोकम, तांदूळ. त्या पैशांना गोव्यातला कितीही उधळा माणूस हात लावत नाही. हे मी त्या तरुणाला सांगितले आणि विचारले, "तुमच्या शेतात काय काय लावता?"

"खाली पाणथळीत भात, वर माळावर रताळी."

"सगळीकडे रताळीच का नाही? पैसे जास्त मिळतील."

तो हसला. "मग खायचं काय? भात घरासाठी, रताळी बाजारासाठी. एखाद्या वर्षी भाव पडला तरी भात असतो."

"मग झालं की. भाताला हात लावू नकोस. रताळ्याचेसुद्धा सगळे नकोत. पुढच्या वर्षीच्या वेलांचे पैसे आधी बाजूला काढ. मग जे उरेल, त्यातला एक तुकडा."

तो बोटांवर काही मोजू लागला. बराच वेळ मोजत होता. मग म्हणाला, "सर, तसं बघितलं तर फारच थोडे उरतात."

तेवढेच त्याचे भांडवल.