सॅम लार्नर : वडिलांची गाणी आणि उत्तर समुद्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते इतिहास शिकविताना आरमारी लढायांच्या सनावळीपाशी थांबत नसत. गलबतावरच्या खलाश्यांचीही चौकशी करीत. म्हणून आज मी एका खलाश्याविषयी बोलणार आहे. तो आपल्या किनाऱ्यावरचा नव्हे.

इंग्लंडच्या पूर्वेस, नॉरफोक परगण्यात, ग्रेट यारमथ बंदराच्या उत्तरेला विंटर्टन हे कोळ्यांचे खेडे आहे. तेथे १८७८ साली सॅम लार्नर यांचा जन्म झाला. वडील मासेमार, घरात नऊ भावंडे. मुलांना समुद्र नाहीतर तुरुंग आणि मुलींना परघरची चाकरी नाहीतर तुरुंग, एवढीच निवड आम्हांला होती, अशा अर्थाचे ते पुढे सांगत. आठव्या वर्षी ते प्रथम समुद्रावर गेले, नवव्या वर्षी गावात येणाऱ्या प्रवाशांपुढे पैशापैशासाठी गाऊ लागले, आणि १८९२ साली शिडाच्या तारवावर पोऱ्या म्हणून रीतसर कामाला लागले. पुढे वाफेच्या बोटी आल्या, तेव्हा त्यांवरही त्यांनी नोकरी केली.

गाणी त्यांना वडिलांकडून आणि बोटीवरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळाली. येथे एक खुलासा केला पाहिजे. रापण ओढताना आपल्याकडे जो ताल धरला जातो, त्या जातीची ही गाणी मुख्यतः नव्हेत. वादळामुळे बोटी परक्या बंदरात अडकल्या की मद्यगृहात बसून गायची, ऐकायची आणि घरी न्यायची अशी ही कथागीते. लार्नरांना १९०७ साली दूर शेटलंडमधील लर्विक येथे गायनाचे बक्षीस मिळाले, तेही हेरिंग माशामागे तेथवर गेल्यामुळेच.

या धंद्याचा इतिहास आकड्यांत मांडता येतो. १९१३ च्या हंगामात यारमथ आणि लोस्टॉफ्ट या बंदरांतून हजाराहून अधिक बोटी हेरिंग धरीत होत्या. मासे साफ करून पिंपांत खारविण्यासाठी स्कॉटलंडहून हजारो मुली येत. माल जर्मनी आणि रशियाकडे जाई. पहिले महायुद्ध आणि रशियन क्रांती यांनी ती गिऱ्हाइके तोडली. परंतु रात्रभर समुद्रात भिंतीसारखे लोंबणारे मैल-दोन मैलांचे जाळे थंडीत आत ओढताना हाताचे काय होते, हे त्या आकड्यांत नाही. ते लार्नरांच्या बोलण्यात आहे. १९३३ साली प्रकृतीमुळे त्यांना समुद्र सोडावा लागला.

१९१५ साली इ. जे. मोरन हे संगीतकार विंटर्टनला येऊन एका वृद्ध गायकाकडून गाणे टिपून गेले. त्या वेळी लार्नर छत्तीस वर्षांचे होते. संग्राहकांची दृष्टी बहुधा म्हाताऱ्यांकडे असते. हाताशी असलेला तरुण उद्याचा म्हातारा आहे, हे सहसा सुचत नाही. लार्नरांचा आवाज ध्वनिफितीवर आला तो ऐंशीच्या घरात, बी.बी.सी.च्या फिलिप डॉनेलन यांच्यामुळे. पुढे यूअन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी त्यांच्याशी तासन्‌तास बोलून गाणी आणि आठवणी नोंदविल्या.

त्यांतील एक गाणे स्कॉटिश चाचेगिरीचे आहे. त्याचे मूळ अभ्यासक अँड्र्यू बार्टनच्या कथेपर्यंत नेतात. हा बार्टन १५११ साली आठव्या हेन्रीच्या आरमाराशी झुंजताना मारला गेला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखातून जाताना नायकाचे नाव हेन्री मार्टिन झाले, राजा आणि सरदार गळाले. मात्र तीन भाऊ, त्यांपैकी एकाच्या वाट्याला आलेली चाचेगिरी आणि बुडालेले जहाज एवढे राहिले. कागदपत्रांवर पोसलेल्या आम्हां मंडळींना ही झीज खटकते. मला वाटते, जे उरले ते कोळ्याच्या घरात नेमके कळण्यासारखे होते, म्हणून उरले.

मॅकॉल, सीगर आणि निर्माते चार्ल्स पार्कर यांनी या नोंदींतून ‘सिंगिंग द फिशिंग’ हा नभोवाणी कार्यक्रम रचला. १९६० साली त्याला ‘प्री इटालिया’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यासाठी मॅकॉल यांनी ‘शोल्स ऑफ हेरिंग’ हे नवे गीत लिहिले. त्यात लार्नर आणि इतर कोळी यांच्या बोलण्यातले शब्द ओवलेले होते. ते ऐकून लार्नर म्हणाले की हे गाणे मला आयुष्यभर ठाऊक आहे; ही आठवण मॅकॉल यांनीच सांगितली आहे. यात म्हाताऱ्याची विस्मृती पाहणारे पाहोत. पोऱ्यापासून पुरा गडी होईपर्यंतचे ते आयुष्य त्यांचेच होते. त्यांना ते परके का वाटावे?

लार्नर १९६५ साली वारले. ते नवे गाणे मात्र आयर्लंडमध्ये पोहोचले आणि तेथे कोणी ते ‘शोर्स ऑफ एरिन’, म्हणजे आयर्लंडचे किनारे, या नावाने गाऊ लागले. हेरिंगचा एरिन झाला, जसा बार्टनचा मार्टिन.