काय टाकायचं आणि कुठे टाकायचं: बास मासेमारीची दोनशे वर्षं

आजचा भाग एका माशाबद्दल आहे, आणि त्याच्यामागे दोनशे वर्षं धावणाऱ्या माणसांबद्दल. मासा अमेरिकेतला. नाव ब्लॅक बास. त्यातही मोठ्या तोंडाचा, म्हणजे लार्जमाउथ बास. अमेरिकेत तळ्यावर गळ घेऊन बसलेल्या माणसाला विचारलंत की कशासाठी बसलात, तर बऱ्याचदा याच माशाचं नाव ऐकू येईल.

या सगळ्या इतिहासात प्रश्न दोनच आहेत. गळाला काय लावायचं? आणि तो टाकायचा कुठे? आधीची शंभर-सव्वाशे वर्षं लोक पहिल्या प्रश्नामागे लागले होते. दुसऱ्याचं उत्तर सापडलं ते बुडालेल्या गावांमध्ये. कसं, ते सांगतो.

आधी माशाची ओळख. याचं शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस, म्हणजे 'लहान पर असलेला'. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेदनं १८०२ मध्ये हे नाव ठेवलं, कारण त्याच्या हातात आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर तुटका होता! तुटका तुकडा त्याला वेगळा छोटा पर वाटला, आणि ते नाव आजतागायत चिकटून आहे. गंमत म्हणजे हा मासा खऱ्या अर्थानं 'बास'सुद्धा नाही, सनफिश नावाच्या कुळातला आहे.

स्वभाव मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. बुडलेलं झाड, शेवाळ, खडक, कशाच्या तरी आडोशाला थांबतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. मुख्यतः डोळ्यांनी आणि पाण्यातल्या कंपनांनी शिकार करतो. म्हणून याला फसवायला खरा किडा लागतोच असं नाही. हलणारं, चमकणारं, आवाज करणारं लाकूडही चालतं. त्या खोट्या आमिषाला म्हणतात लुअर.

घड्याळजी, मधमाश्या आणि स्वयंपाकघर

सुरुवात होते केंटकी राज्यात, १८२०च्या आसपास. जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं दातेरी चाकं बसवून अशी रीळ बनवली की हँडल एकदा फिरवलं की दोरा कित्येक वेढे गुंडाळला जायचा. घड्याळातली अक्कल मासेमारीत आली आणि आमिष लांब फेकणं, झटकन ओढणं शक्य झालं.

मग १८५२ मध्ये ज्युलिओ ब्यूएलनं चमच्यासारख्या लुअरचं पेटंट घेतलं. दंतकथा अशी की जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला, तो लकाकत खाली जाताना एका माशानं गिळला. खरंखोटं सोडा, पण कल्पना पक्की होती: पाण्यात डुलत जाणारा चकचकीत पत्रा जखमी माशासारखा दिसतो.

तरीही प्रतिष्ठित मासा होता ट्राउट. बासला मान मिळवून दिला तो जेम्स हेनशॉल या डॉक्टरनं. १८८१ मध्ये त्यानं बासवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि हा मासा झुंजीत कुणालाही हार जात नाही असं ठासून मांडलं. पुढे मिशिगनमध्ये जेम्स हेडन आला, व्यवसायानं मधमाश्या पाळणारा. त्याची गोष्टही ब्यूएलसारखीच: हातातला लाकडाचा तुकडा तळ्यात भिरकावला आणि बासनं त्यावर उडी घेतली. हेडन लाकडाचे बेडूक कोरू लागला आणि त्याच्या घराण्याचा लुअरचा कारखाना उभा राहिला.

१९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमनं घरच्या घरी प्लॅस्टिक वितळवून मऊ गांडूळ ओतलं. टेक्सासच्या लोकांनी त्यात भर घातली: गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं आणि पुढे गोळीच्या आकाराचं वजन लावायचं. म्हणजे गळ झाडाझुडपांत अडकत नाही, आणि बास बसलेला असतो नेमका तिथेच.

इथे एक व्यवहारी गोष्ट सांगतो. दुकानात शेकडो लुअर टांगलेली असतात, पण प्रत्येक लुअर एका प्रश्नाचं उत्तर असतं. पाणी नितळ असेल तर नैसर्गिक, फिकट रंग. गढूळ असेल तर काळा-निळा किंवा भडक पिवळा-हिरवा, आणि सोबत खुळखुळा, कारण मासा नीट पाहू शकत नसला तरी अंगावरच्या पार्श्वरेषेनं कंपनं टिपतो. पाणवनस्पती दाट असतील तर वरून घसरणारा बेडूक. पाणी थंड असेल तर माशाची पचनक्रिया मंदावते, तेव्हा तळाशी सावकाश सरकणारं काहीतरी. खूप मोठं पाणी लवकर चाळायचं असेल तर वेगानं ओढता येणारा क्रँकबेट. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे डेटाबेसला प्रश्न विचारण्यासारखं वाटतं. पण चुकीच्या टेबलला कितीही चांगला प्रश्न विचारा, उत्तर शून्यच.

याचा सगळ्यात मोठा पुरावा १९३२चा आहे. महामंदीचा काळ. जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी मित्राबरोबर माँटगोमेरी लेक या नदीनं सोडलेल्या जुन्या वळणात गेला. दोघांत मिळून लुअर एकच. २ जूनला त्यानं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण दहा किलोचा बास काढला. मासा मोजला, नोंदवला, आणि घरी नेऊन खाल्ला! त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, तेही जपानच्या बिवा सरोवरात. एक लुअर, योग्य जागा. तेवढ्यावर सत्त्याहत्तर वर्षं.

बुडालेल्या जमिनीचा नकाशा

आता दुसरा प्रश्न, जागेचा. पेरीनंतर वर्षभरातच, १९३३ मध्ये, रुझवेल्ट सरकारनं टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन केली. पूर थांबवायचे, वीज करायची. नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरं झालं, मग गंटर्सविल, मग केंटकी. वाहत्या नद्यांची जागा अवाढव्य जलाशयांनी घेतली. आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं ते याच नमुन्यावर.

एकट्या नॉरिससाठी सुमारे २,९०० कुटुंबं उठवली गेली. पाच हजारांहून जास्त थडगी उकरून दुसरीकडे हलवली. 'धरणग्रस्त' या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. मुळशी आणि कोयना आपल्याला माहीत आहेत.

त्या पाण्यात बास वाढला. नव्या जलाशयात पहिली काही वर्षं चंगळ असते: बुडालेल्या मातीतून पोषणद्रव्यं सुटतात, खाणं मुबलक, आडोसे मुबलक. पण मासेमार गोंधळले. नदीवर किंवा छोट्या तळ्यावर काठ बघून जागा ओळखता येते. इथे मैलोन्‌मैल सपाट पाणी. मासा आहे तरी कुठे?

उत्तराची दिशा दाखवली नॉर्थ कॅरोलिनाच्या बक पेरीनं. (आडनाव तेच, पण विक्रमवाला जॉर्ज वेगळा.) भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. त्याचं म्हणणं असं: माशाचं घर खोल पाण्यात असतं, तिथून तो ठरावीक वाटांनी उथळ भागात येतो आणि परत जातो. त्या वाटा तळाच्या चढउतारांवरून ठरतात. त्यानं १९४०च्या दशकात 'स्पूनप्लग' नावाचं पत्र्याचं लुअर बनवलं. वेगवेगळ्या आकाराचं स्पूनप्लग वेगवेगळ्या ठरावीक खोलीवर चालायचं. नावेमागे ओढत न्यायचं, तळाला टेकलं की खोली कळली. म्हणजे लुअर हे आमिष होतंच, शिवाय मोजपट्टीही होती! मला या अख्ख्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार कल्पना वाटते. दोन्ही प्रश्न एकाच वस्तूत.

मग लोकांनी धरणाआधीचे जुने नकाशे काढले. नदीचं मूळ पात्र कुठून जात होतं, ओढा कुठे मिळत होता, रस्ता, पूल, घराचा पाया, शेताचं कुंपण कुठे होतं. आजही चांगल्या जागांची यादी हीच आहे. पाण्यात घुसलेली टेकडीची सोंड. दोन ओढ्यांचा संगम. बुडालेला रस्ता. जुन्या पात्राची कड, जिथे उथळ जागा एकदम खोल होते. टेनेसी नदीवरच्या जलाशयांत उन्हाळ्यात बास याच कडांवर जमतो. एखाद्या कुटुंबानं घातलेलं कुंपण आज माशाचा आडोसा आहे आणि कुणाची तरी 'हमखास जागा' आहे.

हिरवी पेटी आणि विमानातलं गुपित

१९५९ मध्ये कार्ल लॉरन्सनं ट्रान्झिस्टरवर चालणारं छोटं सोनार बाजारात आणलं. (सोनार म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारं यंत्र, दागिने घडवणारा नव्हे.) लोक त्याला 'हिरवी पेटी' म्हणायचे. आता तळ दिसू लागला.

१९६७ मध्ये अलाबामाचा विमा एजंट रे स्कॉट यानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बास मासेमारांची संघटना काढली. १९७१ मधली पहिली बासमास्टर क्लासिक तर नाट्यमय होती. स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठे जातोय ते उडाल्यावर सांगितलं: लेक मीड, नेवाडा. कुणालाच आधी जागा हेरता येऊ नये म्हणून! तिथे जिंकला बॉबी मरे. खरी परीक्षा जागा शोधण्याची आहे, हे स्कॉटला नेमकं कळलं होतं.

लुअरचं वेड काही कमी झालं नाही. टेनेसीच्या फ्रेड यंगनं हातानं कोरलेलं 'बिग ओ' इतकं दुर्मीळ होतं की लोक ते दिवसाच्या भाड्यानं घ्यायचे! पण स्कॉटची मोठी कामगिरी वेगळी आहे. स्पर्धांमुळे मासे संपतील हे ओळखून १९७२ मध्ये त्यानं पकडलेले मासे जिवंत ठेवून परत सोडायची मोहीम सुरू केली.

आता आजचं. २०००च्या मे महिन्यात अमेरिकेनं नागरी जीपीएसवरची कृत्रिम अचूकता-मर्यादा काढली, आणि हेरलेली जागा आकड्यांत साठवता येऊ लागली. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं. हे सोनार नावेच्या पुढे बघतं, तेही थेट. पडद्यावर मासा दिसतो, त्याच्याकडे जाणारं तुमचं लुअर दिसतं, मासा वळला की तोंड फिरवून गेला, तेही दिसतं. उघड्या पाण्यात फिरणारे मासे, जे आधी जवळपास सुरक्षित होते, आता सापडतात. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी त्यावर मर्यादा घालायला सुरुवात केली आहे आणि वाद जोरात आहे.

मी रोज पडद्यासमोर काम करतो, तरी या वादात मी मर्यादेच्या बाजूनं आहे. कारण मासे कमी होतील एवढंच नाही. बक पेरीच्या पद्धतीत माणसाला आधी जमीन समजून घ्यावी लागायची. इथे ओढा होता, इथे वस्ती होती, म्हणून मासा इथे असणार. लाइव्हस्कोपला ती गोष्ट माहीत असायची गरज नाही. त्याला फक्त ठिपका दिसतो. स्पर्धांमध्ये काही दिवस ते यंत्र बंद ठेवलं, तर कुणीतरी पुन्हा जुना नकाशा उघडेल, आणि पाण्याखाली कुणाचं गाव होतं ते निदान वाचेल तरी.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकणारं कुणी असेल, तर त्यांना विचारा की ते जागा कशी ठरवतात, आणि आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.